फळीत राहिलेला बस्त्याव

मला कधी भूत भेटलं असतं तर मी त्याला जाळं ओढायला लावलं असतं. खलाशी मिळत नाहीत हल्ली. माझा भुताखेतांवर विश्वास एवढाच... सगळा जन्म समुद्रावर गेला. पाण्यावर दिवे दिसतात, कोणीतरी नावाने हाक मारतं, असं सांगणारी माणसं माझ्या बोटीवर टिकली नाहीत, कारण ती स्वतः झोपत नाहीत आणि दुसऱ्याला झोपू देत नाहीत. तेव्हा हे वाचून म्हातारा चळला असं कोणी म्हणू नये. माझी शाळा चौथीपर्यंत. मी कागदावर लिहिलं, सुनेने मोबाइलवर टाइप केलं. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकी सगळं माझं.

मी उत्तनचा कोळी, धंद्याने तांडेल. बोट मीच चालवायचो आणि बोटही माझीच होती, ‘जलराणी’, लाकडाची. बस्त्याव आमचा शेजारी, किरिस्ताव कोळी. त्याच्या आणि माझ्या घराच्या मध्ये फक्त बोंबील सुकवायच्या वलांड्या. तुम्ही त्याला ‘बॅस्टी’ म्हणून ओळखत असाल. मीरा रोडला एका म्युझिक क्लासच्या भिंतीवर त्याचं हे एवढं मोठं तोंड रंगवलंय, केस उडालेले आणि मागे आग. ती आग कुठून आणली देव जाणे. बस्त्यावच्या मागे मी कायम ओली जाळीच बघितली.

रॉक म्हणतात ते संगीत. तरुणपणी तो वांद्र्याच्या पोरांबरोबर गिटार वाजवायचा, मग हॉटेलांत, कॉलेजांच्या कार्यक्रमांत. नाव झालं. लोक त्याच्या नावाने तिकीट काढायचे म्हणे. पुढे हॉटेलांनी बँड बंद केले, मशीन लावल्या, आणि एक दिवस बस्त्याव जेटीवर माझ्यासमोर उभा राहिला.

“तांडेल, खलाशी पायजे?”

मी त्याचे हात बघितले. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे, उजवा हात बामणासारखा मऊ.

म्हटलं, “एक हात कामाचा दिसतोय. ये.”

मरेपर्यंत तो माझ्याच बोटीवर होता.

आता त्याच्या वाजवण्याचं सांगतो, कारण हल्ली जो तो सांगतोय आणि चुकीचं सांगतोय. मला ते संगीत सगळं आवडत नाही. निम्मं तर ढणढणाट आहे. पण बस्त्याव एक तार बोटाखाली दाबायचा आणि बाजूला खेचायचा, की सूर चढायचा आणि वर जाऊन थरथरत उभा राहायचा. जाळं पाण्यात लागलंय, भरतीचं पाणी जोर करतंय आणि दोर ताणात आलाय... अशा वेळी दोरावर हात ठेवला तर ती थरथर खांद्यापर्यंत येते. तसा तो सूर. आता तुटेल, आता तुटेल असं वाटायचं, आणि तो तुटू द्यायचा नाही. बाकीचे गिटारवाले कोंबडीने दाणे टिपावेत तशी बोटं चालवतात. हा एका सुरावर माणसाला उभं करून ठेवायचा.

त्या क्लासचा मालक केतन सर, गुजराती माणूस, दाढीवाला, चांगला आहे तसा. तो म्हणतो, “अंकल, मुंबईत आज जो गिटार उचलतो ना, त्याच्या हातात थोडा तरी बॅस्टी असतो.” असेल. पण जेव्हा बॅस्टीच्या हातात माझं जाळं होतं तेव्हा यांच्यातला एक जण बघायला आला नाही. छातीत कळ येऊन तो गेला तेव्हा खांदा द्यायला आम्ही कोळीच होतो. आता टी-शर्टवर येतोय.

बोटीवर तो गिटार आणायचा. विजेची गिटार, आणि बोटीवर वीज कुठली? नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी. म्हणून त्याने युक्ती काढली. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसायचा आणि गिटारीचा वरचा शेंडा बोटीच्या फळीला घट्ट टेकवून वाजवायचा. सगळं लाकूड घुमायचं. मी मागे सुकाणूवर असलो तरी पायांतून ऐकू यायचं. जास्त ऐकायचं असेल तर मी खाली बसून फळीला कान लावायचो. आमच्या घरात ती जुनी सवय. माझा बाप वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि ढोमा मासा कुठे घुरघुरतोय ते सांगायचा. लाकूड सांगतं, असं म्हणायचा.

आता मुद्द्याचं.

मरायच्या आधी काही महिने बस्त्याव एक नवीन तुकडा जुळवत होता. सावकाश होता तो, त्यात ढणढणाट नव्हता. त्याच्या पोरीने मागच्या ओट्यावर त्याचा व्हिडिओ काढला. बनियनवर बसलाय, वाजवतोय, सूर वर जातो, थरथरतो... आणि हा मधेच तारांवरून हात उचलतो. हसतो आणि म्हणतो, “पुढचा अजून न्हाय सापडला.” बस, तिथे व्हिडिओ संपतो. तो गेल्यावर पोरीने तो इंटरनेटवर टाकला आणि वणवा लागल्यासारखा पसरला. ज्याच्याकडे गिटार आहे तो तेवढा तुकडा वाजवतो आणि त्याच जागी बस्त्यावसारखा हात उचलतो. फॅशनच झाली. लोक टाळ्या वाजवतात. अर्ध्यावर!

त्याची बायको फिलोमिना, आम्ही फिलूवैनी म्हणतो, तिला या गोष्टीचा भयंकर राग. आमच्या ओट्यावर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, साफ करत बसली की तेच.

“सगल्यांनी त्याचं अर्धंच उचललंय,” ती म्हणायची. “मना विचारायचा, फिलू, कसा वाटतो? मी म्हणायची, शेवट कुठं हाय? तर म्हणायचा, येल. आला न्हाय. त्याच्या नावाने मिस्सा सांगते, मेणबत्त्या लावते, पण मना वाटतं तो तिथंच बसलाय, हात वर करून. शेवट ऐकला न्हाय तर मी पण सुखाने मरायची न्हाय, जनूभाव.”

माझी बायको तिला समजवायची, “अगो, गाणा तो गाणा. त्याला कसला शेवट?” फिलूवैनी ऐकायची नाही. दुसरं काही मागितलं नाही तिने कोणाकडे. तेवढा एक शेवट हवा होता.

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी बोटी वर ओढल्या. माझी ‘जलराणी’ पुन्हा पाण्यात उतरेल का तेच बघायचं होतं. मुलगे म्हणाले, बाबा, द्या आता तोडायला, फायबरच्या जमान्यात लाकडावर कोण खर्च करतो. एक जण कुरिअरमध्ये, दुसरा भाईंदरला एसी दुरुस्त करतो. त्यांना बोटीचं काय! मी म्हटलं, आधी मी फळ्या बघणार, मग बोला.

दुपार होती. जेवून गेलो. बोट वाळूवर टेकू लावून उभी, पाण्यापासून लांब, सुकी खडखडीत. फळी बघायची पद्धत अशी की हातोडीने ठोकायची आणि कान लावायचा. चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं भद्द बोलतं. मी मागून ठोकत ठोकत नाळेपर्यंत आलो. तिथे कान लावला तर आतून बारीक कुरकुर. मी म्हटलं, किडा लागला! शिवी घातली. लाकूड पोखरणारा किडा असाच कुरकुरतो. चाकू घेऊन भोक शोधायला लागलो. भोक नाही. परत कान लावला.

किडा नव्हता. बस्त्यावचा तुकडा होता.

मी मागे झालो. आजूबाजूला बघितलं. कोणाचा मोबाइल, कोणाचा रेडिओ... बंदरावर दोन कुत्री आणि जाळ्यावर झोपलेला एक बिहारी खलाशी. त्याला लाथ मारून उठवलं.

“गाना बजा रहा है क्या?”

“नहीं चाचा, मोबाइल तो चार्जिंग पे है.”

परत कान लावला. वाजत होतं. बारीक, पण स्वच्छ. तो जिथे हात उचलायचा ती जागा आली. मी श्वास धरला. आणि ते पुढे गेलं.

पुढे काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. मला वाटलं होतं सूर आणखी वर जाईल. तसा गेला नाही. वर थरथरत राहिला आणि मग त्याने तो सोडला. एकदम नाही. ताणातला दोर हातावर घेऊन माणूस सांभाळून, हात न भाजता सोडतो, तसा थोडा थोडा. खाली, खाली, आणि शेवटी एका साध्या जागी येऊन टेकला. बोट वाळूला लागते तसा. मग लाकूड गप्प.

मी वाळूवर बसलो. घाबरलो नव्हतो, हे लिहून ठेवतो. रडलो असेन. ते वेगळं.

तसाच उठून फिलूवैनीच्या दारात गेलो. “वैनी, शेवट सापडला.” तिच्या हातातलं सूप खाली पडलं. मी सगळं सांगितलं. म्हणाली, “म्हणून दाखव.”

आता इथे खरी पंचाईत. मला गळा नाही. आरतीलासुद्धा मी नुसत्या टाळ्या वाजवतो. तरी सुरू केलं. व्हिडिओतला भागच माझ्या तोंडून असा निघाला की तिने पदर तोंडाला लावला. आधी हसायला लागली.

“अरे देवा, रेडा कापतात का कोन!”

मी चिडून परत सुरू केलं. त्या हात उचलायच्या जागेपर्यंत कसाबसा आलो, तर तिचं हसणं गेलं आणि डोळे भरले. “पुरे. पुरे कर, जनूभाव. त्याचं वाटोळं करू नको.”

पुढचं मी म्हटलंच नाही. म्हणूच दिलं नाही तिने. हे लक्षात ठेवा, कारण नंतर लोकांनी यावरूनच मला खोटं ठरवलं.

म्हटलं, मग चल, स्वतः ऐक. ती गुडघ्यांनी अधू, तरी आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून वाळूतून चालत आली. फळीजवळ तिला टोपलीवर बसवली. तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. काहीच हललं नाही त्या तोंडावर.

“लाकूड हाय,” ती म्हणाली.

“थांब जरा. परत येईल.”

“लाकूड हाय, जनूभाव.” मग ती उठली, आणि जे बोलली ते अजून माझ्या काळजात आहे. “जित्ता व्हता तवा तुझ्या बोटीवर. मेल्यावर पण तुझ्याच बोटीवर? माझ्या घरात एवढं लाकूड हाय. पलंग हाय, कपाट हाय, त्याची बसायची खुर्ची हाय. त्यात न्हाय आला कधी. तुझ्या फळीत आला?”

मी त्याला बोलावलं होतं का? कामाला बोलावलं होतं, तेही तोच मागायला आला म्हणून. मी तिला तसं सांगितलं. ती वळूनही न बघता गेली. एकटीच गेली, गुडघे धरत.

मी केतन सरला बोलावलं. तो त्याच दिवशी रिक्षा करून आला, फळीला एक छोटं यंत्र चिकटवलं, कानात बोंडं घातली. पाऊण तास बसला. शेवटी म्हणाला, “अंकल, हवा है, समुंदर है. बाकी... फीलिंग समझ सकता हूं.” फीलिंग म्हणे! माझे कान मी ओळखतो. मीही परत लावले, रोज लावले. पुन्हा काही ऐकू आलं नाही, हेही खरं आहे. खोटं लिहायचं असतं तर रोज ऐकलं असं लिहिलं असतं.

फळ्या नाळेकडे कुजल्या होत्या. बोट तोडायला दिली. लाकूड भाईंदरच्या एका बेकरीवाल्याने भट्टीसाठी नेलं. त्या दिवसांत ज्यांनी तिथला पाव खाल्ला त्यांना गोड लागला असेल तर मला सांगू नका.

त्यानंतर फिलूवैनी आमच्याकडे यायची बंद झाली. कोलीम साफ करायला दुसऱ्या ओट्यावर जायची. माझी बायको मलाच बोलायची, “काय गरज व्हती तिला सांगायची? तुमचं तुम्ही ऐकायचंत!” मी कोणाची माफी मागितली नाही. जे ऐकलं ते ज्याचं होतं त्याला सांगितलं, यात माझं काय चुकलं?

थंडीत केतन सरने बस्त्यावच्या नावाने कार्यक्रम ठेवला. उत्तनलाच, चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळची मिस्सा झाल्यावर. मीरा रोड, वसई, वांद्रा, कुठून कुठून पोरं आली. हॉल भरला. मी जाणार नव्हतो. पण मग म्हटलं, का नाही जायचं? त्याचा तांडेल मी होतो. जाऊन मागे उभा राहिलो.

पोरं चांगली वाजवत होती, खोटं कशाला बोला. सगळ्यांच्या हातात तो सूर होता, खेचून धरलेला. डोळे मिटले की दहा बस्त्याव. शेवटी एका मुलीने तो अर्धा तुकडा घेतला. हळू वाजवला, अगदी त्याच्यासारखा. ती जागा आली, तिने हात उचलला, हसली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

फिलूवैनीला स्टेजवर शाल-नारळासाठी बसवलं होतं. ती खुर्चीतून उठली. केतन सरला वाटलं, तिला दोन शब्द बोलायचे असतील. त्याने माइक दिला.

ती म्हणाली, “अजून हाय.”

टाळ्या थांबायला वेळ लागला. ती थांबली. मग ‘ला ला’ करून म्हणायला लागली. म्हातारीचा आवाज, फाटका, पण सुरात. चर्चमध्ये जन्मभर गायलेली बाई. त्या मुलीने हात उचलला होता तिथून तिने घेतलं, आणि वर धरलं, आणि सोडलं. थोडं थोडं. खाली, खाली, आणि त्या साध्या जागी टेकवलं.

तेच. जसंच्या तसं तेच. माझ्या अंगावर एवढे काटे आले की मी भिंतीला हात लावला.

मग ती मुलगी म्हणाली, “आंटी, पुन्हा म्हणा ना,” आणि गिटारवर तिच्या मागोमाग वाजवत गेली. शंभर मोबाइल वर झाले.

कार्यक्रम सुटल्यावर मी तिला पायरीवर गाठलं. “वैनी, हे कुठून आलं तुला?”

“तोंडात आलं.”

“मी ऐकलं होतं ते हेच. आता तरी सांग लोकांना.”

तिने माझ्याकडे बघितलं. शाल खांद्यावर, नारळ हातात. “काय सांगू? तुझ्या बोटीत व्हतं म्हणून सांगू? माझ्या तोंडात आलं, जनूभाव. माझ्या. एवढं तरी मना ठेव.”

आणि गेली.

आता सगळीकडे तो तुकडा पुरा वाजतो. हात उचलायची फॅशन संपली. केतन सर म्हणतो, आंटीला आधीपासून येत असणार, विसरली होती, आठवलं. मग इतकी वर्षं शेवट कुठे म्हणून रडत होती ती काय नाटक करत होती? माझा मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच गुणगुणला होतात, तिच्या डोक्यात राहिलं. मी वर लिहिलंय, मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. आणि पोचलो असतो तरी माझ्या गळ्यातून कोणाला काही मिळालं असतं का? पाद्री म्हणाले, प्रेम असतं तिथे असं होतं. बरं. मग मला का ऐकू आलं? फळीत का आलं? आणि आलं ते तिला का नाही आलं? या प्रश्नांना कोणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. आता फळीही नाही.

ती माझ्याशी थोडं थोडं बोलते आता. बाजारात भेटली तर बोंबलाचा भाव विचारते. चेहरा निवळलाय तिचा, हे कबूल. तिला जे हवं होतं ते मिळालं. मी कोणाला काही पटवायला गेलो नाही त्यानंतर, इथे लिहितोय ते पहिल्यांदाच.

पण एक गोष्ट झाली आहे. हा तुकडा मी मनात आठवायला घेतो, त्या दुपारची फळी, तो बारीक सूर. व्हिडिओतल्या भागापर्यंत बस्त्यावची गिटार ऐकू येते. पुढे जायला लागलो की गिटार जाते आणि म्हातारीचा आवाज येतो. किती जोर केला तरी तिचाच. बस्त्यावने ते कसं वाजवलं होतं, ते जगात मी एकट्याने ऐकलं होतं. आता मलाही येत नाही.